आपण नदी साफ करत नाही, नदी बदलतो

२०२३ च्या दिवाळीत दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं तेव्हा कोल्हापुरात जो जल्लोष झाला तो रास्तच होता. किती वर्षं आंदोलनं झाली, किती निवडणुका त्या एका पाइपवर लढल्या गेल्या, आणि शेवटी आलं एकदाचं पाणी. धरणातनं उचललेलं, मध्ये कुणाचा नाला नाही, कुणाची मळी नाही. असलं पाणी कुणाला नको असतंय? पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट होऊन गेली, तिच्यावर फारसं कुणी बोललं नाही. पंचगंगा घाण झाली काय आणि स्वच्छ राहिली काय, शहरातल्या बहुतेक घरांच्या माठात त्यानं काहीच फरक पडेनासा झाला.

तसा तो आधीही फार पडत नव्हता म्हणा. शिंगणापूर आणि बालिंग्याचे उपसे शहराच्या वरच्या अंगाला, आणि दुधाळी, जयंती, लाइन बाजार, बापट कॅम्प हे सगळे नाले खालच्या अंगाला. प्यायचं वरनं, सोडायचं खालनं. बहुतेक सगळ्या शहरांनी हेच केलंय, त्यामुळं एकट्या कोल्हापूरला झोडपायचं कारण नाही, पण याचा परिणाम काय होतो ते बघायचं असेल तर नदीच्या खालच्या अंगाला जायला पाहिजे.

इचलकरंजी घ्या. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. पंचगंगेच्या काठावरचं एवढं मोठं वस्त्रोद्योगाचं गाव, पण प्यायला पंचगंगा नको म्हणून पाणी कृष्णेतनं आणायचं. ते पुरेना म्हणून वारणेतनं आणायची योजना झाली, तर वारणाकाठचे दानोळीकर उभे राहिले, आमचं पाणी देणार नाही. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना आली, तर तिकडं कागल तालुका आणि दूधगंगा काठ पेटला. प्रत्येक वेळी भांडण "आमचं पाणी की तुमचं पाणी" असं झालं, पण ज्या गावाच्या उशाला नदी आहे त्याला दुसऱ्याच्या नदीवर का जावं लागतंय हे विचारायचं राहूनच जातं. आणि हे सगळं चालू असताना इचलकरंजीचा काळा ओढा पंचगंगेला मिळतोच आहे, आणि त्याच्या खाली शिरोळ तालुक्यातली पंचगंगाकाठची गावं आहेत, ज्यांच्या वाट्याला हेच पाणी येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शहर सांडपाणी नीट साफ करतंय की नाही हे शहराच्या प्लांटवरनं ठरवू नका, खालच्या पहिल्या बंधाऱ्यातल्या पाण्यावरनं ठरवा, आणि ते ठरवायचा अधिकार खालच्या लोकांना द्या. बाकीचं सगळं याच्या पुढचं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, अहो पण प्लांट झालेत की! झालेत, खरं आहे. कसबा बावड्याला ७६ एमएलडीचा, दुधाळीला १७ एमएलडीचा. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. हे प्लांट नव्हते तेव्हा सगळं कच्चं पाणी जात होतं, त्या मानानं आज परिस्थिती बरी आहे हे कबूल करायलाच पाहिजे. हिशेबही वरवर जुळतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आसपास, माणशी १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं नेहमीचं गणित धरलं तर साठ एमएलडी निघतं. लोकसंख्या वाढली, पाणीही जास्त सोडलं जातंय, हे सगळं मिळवलं तरी कागदावर फार तूट दिसत नाही. मग नदी काळी का?

कारण क्षमता म्हणजे प्लांटला किती झेपतं, त्याच्यापर्यंत किती पोचतं हा विषयच वेगळा. आणि इथं एक आकडेमोड आहे जी प्रत्येक बैठकीत फळ्यावर लिहून ठेवायला पाहिजे.

घरातनं निघणाऱ्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो, आपण २५० धरू. बीओडी म्हणजे त्या पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खाणार त्याचं माप. चांगला चाललेला प्लांट हा बीओडी १० वर आणतो. म्हणजे एक एमएलडी साफ केलेल्या पाण्यातनं नदीत दिवसाला १० किलो जातो आणि एक एमएलडी कच्च्या पाण्यातनं २५० किलो. आता समजा ९० एमएलडीपैकी ८५ झकास साफ झालं आणि फक्त पाच एमएलडी कुठनं तरी निसटलं. साफ केलेल्या ८५ चा भार ८५० किलो, निसटलेल्या पाचाचा १२५० किलो. वाचा परत. पंच्याऐंशीपेक्षा पाचाचा भार जास्त! बातमी छापून येणार "९४ टक्के सांडपाण्यावर प्रक्रिया", आणि ते खोटंही नसणार, पण नदीच्या डोक्यावरचा बोजा दुपटीपेक्षा जास्त झालेला असणार.

आणि हे निसटतं कसं ते बघायला कुठला रिपोर्ट वाचायची गरज नाही. जयंती नाल्यावरच्या विल्सन पुलावरनं मे महिन्यात खाली वाकून बघा. नाक दाबून सगळेच जातात, एकदा थांबून बघा. पाणी काळपट, कडेच्या दगडांना करड्या रंगाचा बुळबुळीत थर, मधनंच बुडबुडे वर येतायत. तळातल्या गाळात ऑक्सिजन संपला की जे जिवाणू शिल्लक राहतात ते असला वायू सोडतात, मिथेन आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. म्हणजे नदीला मिळायच्या आधीच हे पाणी मेलेलं आहे. जयंती नाल्यावर बांध घालून तिथनं हे पाणी पंपानं उचलायचं आणि बावड्याच्या प्लांटला पाठवायचं अशी आपली व्यवस्था आहे. घराघरातनं बंद ड्रेनेजनं थेट प्लांटला जाणं वेगळं आणि आधी नाल्यात सोडून मग नाला अडवणं वेगळं. दुसरा प्रकार स्वस्त आणि लवकर होणारा, म्हणून बऱ्याच शहरांनी तोच केला. पण त्यात सगळी भिस्त पंपावर.

पंप बंद पडला की काय होतं तेही गणितात बघा. समजा नाल्याला दिवसाला ६० एमएलडी पाणी आहे. एक तास लाइट गेली, जनरेटर लागला नाही किंवा पंपात चिंध्या-प्लास्टिक अडकलं. अडीच एमएलडी कच्चं पाणी बांधावरनं नदीत. सव्वासहाशे किलो बीओडी. दिवसभर चोवीस तास ते सगळं साठ एमएलडी उत्तम साफ केलं असतं तर त्यातनं सहाशे किलो गेला असता. म्हणजे एका तासानं दिवसभराच्या राबणुकीवर पाणी फिरवलं. वळवाचा पाऊस झाला की नाल्यात पावसाचं पाणीही येतं, ते पंपांना झेपत नाही, आणि चार महिने नाल्यात साचलेला गाळ त्या पहिल्या लोंढ्याबरोबर जातो. म्हणून मला नवीन प्लांटची भूमिपूजनं बघून काही वाटत नाही. स्टँडबाय पंप किती, जनरेटरला डिझेल आहे का, दोन वीज लाइन वेगवेगळ्या फीडरवरनं आहेत का, जाळ्या रोज कोण साफ करतंय आणि त्याला पगार वेळेवर मिळतोय का, हे विचारा. भूमिपूजनाला मंत्री येतात, जाळी साफ करायला कोण येणार.

यात पैशाची पण एक गंमत आहे. प्लांट बांधायला केंद्राच्या, राज्याच्या योजनेतनं पैसे येतात, बावड्याचा प्लांट राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतनंच झालाय. चालवायचे मात्र महापालिकेनं. आणि प्लांटचा मोठा खर्च म्हणजे वीज, कारण जिवाणूंना हवा देणारे ब्लोअर सतत चालवायला लागतात. जिथं तिजोरीत खडखडाट असतो तिथं ब्लोअर दोन तास बंद ठेवले की बिल लगेच कमी येतं, आणि फरक कुणाला दिसत नाही, कारण बीओडीचा रिझल्टच यायला तीन ते पाच दिवस लागतात. कुणी मुद्दाम करतो असा माझा आरोप नाही, पण ज्या व्यवस्थेत न केलेलं पकडलंच जात नाही आणि न करण्यात पैसे वाचतात तिथं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तर हे पाणी जातं शहराच्या खालच्या राजाराम बंधाऱ्याकडं आणि तिथनं पुढं. ही नदी उन्हाळ्यात वाहत नाही हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, एकापाठोपाठ एक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घातले की नदी म्हणजे ओळीनं मांडलेले तलाव. राधानगरी धरणातनं सोडलेलं पाणी या तलावांतनं शेतीच्या मोटारी उचलतात, ऊस जगतो, आणि जे खाली सरकतं त्यात ताजं पाणी कमी आणि शहराचं जास्त. नव्वद एमएलडी म्हणजे साधारण ३७ क्युसेक. राधानगरीचं एक स्वयंचलित दार उघडलं की १४२८ क्युसेक येतं हे आमच्याकडं शाळकरी पोरगंही सांगतंय, त्यामुळं जुलैत ३७ म्हणजे काहीच नाही. पण मे महिन्यात नदीत तेवढंच ताजं पाणी असलं तर? नदीच्या पाण्याचा बीओडी २ आणि प्लांटच्या उत्तम पाण्याचा १०, निम्मं-निम्मं मिसळलं की ६. आंघोळीच्या पाण्याला मर्यादा ३ ची आहे. म्हणजे सगळं नियमात असून, प्लांट शंभर टक्के चालून, नरसोबावाडीच्या दिशेनं जाणारं पाणी आंघोळीच्याही लायकीचं नाही. बीओडीचे जुने नियम ज्यांनी बनवले त्या ब्रिटिश रॉयल कमिशननं १९१२ मध्येच सांगून ठेवलं होतं की २० चा आकडा चालेल तो नदीत आठपट स्वच्छ पाणी असेल तर. आपण आकडा घेतला आणि आठपट पाणी विसरलो.

जंतूंचं तर आणखी अवघड. कच्च्या सांडपाण्यात शंभर मिलिलिटरला एक कोटीपर्यंत विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू असू शकतात. ९९ टक्के मारले तरी एक लाख उरतात. आंघोळीच्या पाण्याची कमाल मर्यादा २५००. क्लोरिनची टाकी रिकामी असलेला प्लांट कितीही चकाचक दिसू दे, खाली डुबकी मारणाऱ्या भाविकाला त्याचा उपयोग नाही.

मग मासे मरतात. तेरवाडला, राजाराम बंधाऱ्याला, दर वर्षा-दोन वर्षानं. साधारण तांबडं फुटायच्या सुमाराला मासे वर येऊन तोंड उघडं टाकतात, उजाडेपर्यंत काठाला पांढरा थर. पहाटेच का? कारण पाण्यातली शेवाळं दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतात आणि रात्री तीही ऑक्सिजनच घेतात, त्यामुळं पहाटे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन सगळ्यात कमी. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असला तर ठीक, दोनच्या खाली गेला की मासा तडफडतो. त्यात वर जलपर्णीचा गालिचा असला तर ऊनही आत जात नाही आणि वाराही लागत नाही. आता सॅम्पल घ्यायला माणूस कधी येतो? ऑफिसच्या वेळेत. अकरा-बाराला, जेव्हा आकडा सगळ्यात चांगला असतो. पंचनामा होतो, नोटीस निघते, कधी बँक गॅरंटी जप्त होते, आणि मग उपाय म्हणून धरणातनं पाणी सोडून नदी "वाहती" करतात. ही म्हणजे दारातला कचरा झाडून शेजाऱ्याच्या दारात ढकलण्याची तऱ्हा, घाण तेरवाडची पुढच्या बंधाऱ्याला, तिथनं कृष्णेत, राजापूर बंधाऱ्यातनं कर्नाटकात.

बोटं दाखवायला तर आपण एक नंबर. महापालिका म्हणते कारखान्यांची मळी, कारखाने म्हणतात महापालिकेचे नाले, इचलकरंजी म्हणते कोल्हापूरचं पाणीच घाण येतंय, कोल्हापूर म्हणतं इचलकरंजीचे कापड रंगवणारे प्रोसेस बघा. यात खोटं कुणीच बोलत नाही! सगळ्यांचा वाटा आहे. गणपती विसर्जनावरही आपण जेवढं भांडलो तेवढं ड्रेनेजवर कधी भांडलो नाही, आणि तरी बघा, नदीऐवजी इराणी खणीत विसर्जन आज शहरानं पचवलं की, लोक बदलत नाहीत असं म्हणायला जागा नाही. पण विसर्जन वर्षातनं एकदा, संडासाचा फ्लश रोजचा.

आणि एक दुखरी जागा. शहराची महापालिका १९७२ ला झाली आणि तेव्हापासनं हद्दवाढ एक इंच नाही. गावांचा विरोध का आहे तेही समजतं, घरफाळा वाढणार आणि सुविधा येणार कधी हे शहरातल्या उपनगरांकडं बघून कुणालाही कळतं. पण दरम्यान उचगाव, पाचगाव, कळंबा, सगळीकडं अपार्टमेंट उभी राहिली. २०१७ ला ४२ गावांचं विकास प्राधिकरण केलं. बांधकामाला परवानगी मिळते, फ्लॅट विकले जातात, आणि सांडपाणी? सेप्टिक टँक, तो भरला की गटर, गटर ओढ्याला, ओढा नाल्याला, नाला नदीला. टँक उपसायला गाडी बोलवली तर ती गाडी कुठं रिकामी होते हे विचारायचं नाही असा अलिखित नियम. ओढ्याला हद्द कळत नाही पण फाइलला कळते. हद्दवाढ होवो न होवो, बिल्डिंगचा भोगवटा दाखला द्यायच्या आधी तिचं सांडपाणी नेमकं कुठल्या प्लांटला जाणार ते लिहून घ्या, आणि उपसा गाड्यांना बावड्याच्या प्लांटवर फुकट रिकामं करू द्या. फुकटच, पैसे लावले तर गाडी रात्री ओढ्यावर जाणार.

साफ केलेलं पाणी नदीत सोडायलाच पाहिजे असंही नाही. साध्या प्लांटमधनं नत्र आणि स्फुरद बरंचसं तसंच बाहेर पडतं, नदीत त्यावर जलपर्णी पोसते, एक-दोन आठवड्यात दुप्पट होते, मग ती काढायला पोकलेन लावा. तेच नत्र-स्फुरद उसाला पाहिजे असतं आणि त्यासाठी आपण युरियाची पोती आणतो. फेब्रुवारी ते मे हे पाणी जंतू मारून आसपासच्या उसाला किंवा एमआयडीसीला दिलं तर नदीवरचा भार उतरतो आणि तेवढा नदीतला उपसाही कमी करता येतो. नागपूरचं सांडपाणी साफ करून कोराडीच्या वीज केंद्राला जातं, महाराष्ट्रातच आहे हे. त्यांना सुचलं, आपल्याकडं पाणी भरपूर म्हणून सुचत नाही.

बरं, मुख्य मागणीवर येतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे हे जुलै-ऑगस्टमध्ये अख्ख्या जिल्ह्याच्या मोबाइलवर तासातासाला येतं. ३९ इशारा, ४३ धोका, झोपेतनं उठवून विचारा. कारण ते पाणी आपल्या घरात येणार असतं. त्याच बंधाऱ्यावर नोव्हेंबर ते मे रोज पहाटे पाच वाजता विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा घ्या आणि तसाच मोबाइलवर टाका. बीओडीसारखं थांबायला लागत नाही, मीटरची कांडी दोरीनं पाण्यात सोडली की मिनिटाभरात आकडा. दुसरा मीटर तेरवाडला, म्हणजे कोल्हापूरची घाण किती आणि इचलकरंजीची किती हेही वेगळं दिसेल आणि एकमेकांकडं बोट दाखवायची सोय संपेल. पाचच्या खाली सलग तीन दिवस आकडा गेला तर त्या आठवड्यातला पंपिंग स्टेशनचा लॉग, जनरेटरचं डिझेल, ब्लोअरचं वीजबिल सगळं जाहीर. आणि नवीन पाणी योजनेचा प्रस्ताव घेऊन कुठलंही शहर मुंबईला गेलं, कोल्हापूर असू दे नाहीतर इचलकरंजी, तर पहिला प्रश्न हाच, तुमच्या खालच्या बंधाऱ्यातला मागच्या उन्हाळ्याचा आकडा काय. दानोळीकर आणि सुळकूडकरांनीही "पाणी देणार नाही" याऐवजी ही अट घातली तर त्यांची बाजू कितीतरी भक्कम होईल असं मला वाटतं.

एक आक्षेप खरा आहे. महापालिकेचे इंजिनिअर म्हणतील, आकडा वरच्या गावांमुळं किंवा एखाद्या कारखान्यानं रात्री सोडलेल्या पाण्यामुळं पडला तर आमच्या माथी का? म्हणून एक मीटर शिंगणापूरलाही लावा, शहराच्या वर. वरनं आलं किती आणि शहरानं घातलं किती, वजाबाकी चौथीतलं पोरगं करेल. रात्रीचं सोडणं तर पहाटेच्या आकड्यातच सगळ्यात आधी सापडेल, आज ते सापडतच नाही.

मीटर मात्र महापालिकेकडं नको आणि एकट्या प्रदूषण मंडळाकडंही नको. राजाराम बंधाऱ्यावरचा मीटर खालच्या ग्रामपंचायतींच्या ताब्यात, रोजचं रीडिंग घ्यायला तिकडच्याच कॉलेजची केमिस्ट्रीची पोरं, मीटर पंधरा दिवसांनी तपासून द्यायचं काम मंडळाचं. पगार कोल्हापूर महापालिकेनं द्यायचा. पाणीपट्टीत त्यासाठी दोन रुपये वाढले तर वाढू देत, माझ्या बिलात पहिले लावा. कुणी म्हणेल असले आकडे रोज जाहीर केले तर उद्या लोक ते घेऊन हायकोर्टात जातील. जाऊ देत की.